पुण्यातील एका ग्राउंड क्लासमधील ‘एअर रेग्युलेशन्स’चा वर्ग : एक परीक्षण

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, ज्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात, त्यांपैकी नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी आणि टेक्निकल या विषयांची विद्यार्थ्यांना धास्ती असते. एअर रेग्युलेशन्स, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतील ‘रेग्ज’, हा विषय मात्र पाठांतराचा समजून शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवला जातो. उत्तीर्ण होण्यासाठी सत्तर टक्के गुण लागतात, चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत आणि बाजारात प्रश्नसंचांची रेलचेल आहे. त्यामुळे नियम न समजताही परीक्षा सुटते आणि बहुतेक क्लासेसही याच हिशेबाने शिकवतात. पुण्यातील ज्या वर्गाविषयी मी लिहीत आहे, त्याने ही पद्धत नाकारली आहे. त्याच्या काही उणिवा आहेत आणि त्या मी पुढे नोंदवणार आहे. तरीही नियम शिकवण्याची त्याची रीत इतकी पक्की आहे की, या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी ती समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. वर्गाचे नाव मी मुद्दाम देत नाही. जाहिरात किंवा तक्रार करण्याचा माझा हेतू नाही. कोणताही ग्राउंड क्लास, म्हणजे या लेखी परीक्षांची तयारी करून घेणारा वर्ग, निवडताना काय पाहावे, हे या उदाहरणावरून कळावे, एवढीच अपेक्षा आहे.

वर्ग निवृत्त हवाई दल अधिकारी असलेले एक सर घेतात. पहिली काही व्याख्याने केवळ नियमांची वंशावळ समजावण्यात जातात. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या, ४ एप्रिल १९४७ पासून तो अमलात आला आणि त्यातून मॉन्ट्रियल येथे मुख्यालय असलेली आयसीएओ ही आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली, हे कोणत्याही नोट्समध्ये सापडते. या करारातील अडतिसाव्या कलमावर मात्र येथे सावकाश चर्चा होते. कराराच्या एकोणीस परिशिष्टांतील, म्हणजे ‘ॲनेक्सेस’मधील, एखाद्या मानकापेक्षा एखाद्या देशाचा नियम वेगळा असेल, तर तो फरक त्या देशाने आयसीएओला कळवायचा असतो. आंतरराष्ट्रीय मानक आणि भारतीय नियम यांत काही ठिकाणी तफावत का दिसते, याचे उत्तर या एका कलमात आहे. परीक्षेतील बरेचसे गोंधळ याच तफावतीतून निर्माण होतात.

त्यानंतर सर भारतीय कायद्याकडे वळतात. १९३४ चा एअरक्राफ्ट ॲक्ट नव्वद वर्षे चालला आणि १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ या कायद्याने घेतली. असे असले तरी जुन्या कायद्याखाली केलेले १९३७ चे एअरक्राफ्ट रूल्स त्याच दिवशी रद्द झाले नाहीत. कायदा नवा आणि नियम जुने, ही स्थिती विद्यार्थ्याला चमत्कारिक वाटते. पण अशी तरतूद नसती तर त्या एका दिवशी देशातील प्रत्येक परवाना निराधार झाला असता, हे सरांनी समजावल्यावर कायद्यातील ‘सेव्हिंग’ कलमाचे, म्हणजे जुने नियम चालू ठेवणाऱ्या तरतुदीचे, महत्त्व पटते. रूल्सच्या खालच्या पायरीवर सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स येतात, ज्यांना सर्वजण सीएआर म्हणतात. त्यांचा सातवा विभाग वैमानिकांच्या परवान्यांचा व प्रशिक्षणाचा, आठवा विमानचालनाचा आणि पाचवा हवाई सुरक्षेचा. त्याच्याही खाली परिपत्रके, एआयपी (विमानतळ व हवाई मार्गांची अधिकृत माहितीपुस्तिका) आणि रोज बदलणारे नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचना. या वर्गात कोणताही नियम सांगताना तो या उतरंडीत कोणत्या पायरीवर बसतो, हे विचारल्याशिवाय सर पुढे जात नाहीत. सुरुवातीला हा आग्रह कंटाळवाणा वाटतो. नंतर मात्र डीजीसीएच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असलेला मूळ मजकूर उघडून हवे ते पान स्वतः शोधता येऊ लागते. फी भरून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला एखादा वर्ग यापेक्षा मोलाचे काही देऊ शकेल, असे मला वाटत नाही.

दुसऱ्या ॲनेक्सवरची, म्हणजे ‘रूल्स ऑफ द एअर’वरची, व्याख्याने हा या वर्गाचा सर्वांत भक्कम भाग आहे. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा आणि शेपटीला पांढरा दिवा असतो. लाल आणि हिरवा प्रत्येकी ११० अंशांत दिसतो व पांढरा १४० अंशांत. बहुतेक ठिकाणी हे तीन आकडे पाठ करून घेतात. येथे सरांनी खोलीतले दिवे घालवून, रंगीत कागद लावलेल्या विजेऱ्या विद्यार्थ्यांच्या हातात दिल्या आणि प्रत्येकाला आपल्या जागेवरून काय दिसते ते सांगायला लावले. दोन विमानांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर ज्याच्या उजवीकडे दुसरे विमान आहे त्याने वाट द्यायची, हा नियम. उजवीकडून येणारे विमान आपल्या दिशेने त्याची डावी बाजू करून येत असते, म्हणून त्याचा लाल दिवा आपल्याला दिसतो. डावीकडून येणाऱ्याचा हिरवा दिसतो. थोडक्यात, चौकातल्या सिग्नलप्रमाणे लाल दिसला तर आपण वाट द्यायची आणि हिरवा दिसला तर अग्रक्रम आपला. त्याच ओघात ‘ओव्हरटेकिंग’ची व्याख्याही उलगडते. पुढच्या विमानाच्या मध्यरेषेशी मागून ७० अंशांपेक्षा कमी कोन करून येणारे विमान ओव्हरटेक करणारे समजले जाते. दोन्ही बाजूंचे ७० अंश मिळून शेपटीच्या पांढऱ्या दिव्याचे १४० अंश होतात, म्हणजे ज्याला केवळ पांढरा दिवा दिसतो तो ओव्हरटेक करणारा, आणि त्याने उजवीकडे वळून पुढे जायचे. आकडे आणि नियम एकमेकांतून निघतात हे एकदा दिसले की पाठांतराची गरज उरत नाही.

नियंत्रण मनोऱ्यातून दाखवल्या जाणाऱ्या प्रकाशसंकेतांचेही असेच. रेडिओ बंद पडलेल्या विमानाला आकाशात असताना स्थिर हिरवा दिवा दिसला तर उतरण्याची परवानगी मिळाली, लुकलुकणारा हिरवा दिसला तर उतरण्यासाठी परत यायचे, स्थिर लाल दिसला तर इतर विमानांना वाट देऊन घिरट्या घालत राहायचे आणि लुकलुकणारा लाल दिसला तर विमानतळ असुरक्षित आहे, उतरायचे नाही. जमिनीवर असताना याच रंगांचे अर्थ बदलतात: स्थिर हिरवा उड्डाणाची परवानगी देतो, लुकलुकणारा हिरवा टॅक्सी करण्याची, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेण्याची, आणि स्थिर लाल जागच्या जागी थांबवतो. सरांनी दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी काढून फळ्यावर ठेवले, आणि परीक्षेतील प्रश्न नेमके या दोन तक्त्यांच्या अदलाबदलीवर कसे रचले जातात, हे दाखवून दिले.

ज्या एका व्याख्यानासाठी मी हा वर्ग पुन्हा करायला तयार होईन, ते टक्कर टाळण्याच्या नियमांवरचे होते. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियन एअरलाइन्सचे बोइंग ७४७ आणि दिल्लीत उतरायला येणारे कझाकस्तान एअरलाइन्सचे इल्युशिन-७६ एकमेकांवर आदळले आणि दोन्ही विमानांतील सर्व ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. हवेतील टकरींमध्ये याहून अधिक बळी घेणारी दुसरी घटना नाही. वर चढणाऱ्या सौदी विमानाला १४ हजार फुटांपर्यंत आणि खाली येणाऱ्या कझाक विमानाला १५ हजार फुटांपर्यंतच परवानगी होती; कझाक विमान ती उंची सोडून खाली आले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत अपघाताचे मूळ या अनधिकृत उतरणीत सापडले. सर मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. दिल्लीच्या नियंत्रकासमोरच्या रडारवर विमानाची जागा दिसे, उंची दिसत नसे. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांसाठी एकच अरुंद मार्ग होता. कझाक विमानात इंग्रजीतील संभाषण रेडिओ ऑपरेटर सांभाळत असे. या प्रत्येक त्रुटीसमोर त्यांनी त्यानंतर आलेला नियम लिहिला. टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा भारतात सक्तीची झाली, येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारे रडार आले. अशाच अपघातांच्या पार्श्वभूमीवर आयसीएओने वैमानिकांसाठी आणि नियंत्रकांसाठी भाषाप्राविण्याची पातळी ठरवली, आणि मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी पातळी आवश्यक झाली. परवान्यावरील ‘लेव्हल ४’ ही नोंद त्या दिवसापासून मला निव्वळ औपचारिक शिक्का वाटलेली नाही.

त्याला जोडूनच त्यांनी १ जुलै २००२ रोजी जर्मनीच्या दक्षिण सीमेवर युबरलिंगन येथे झालेली टक्कर घेतली. रशियन तुपोलेव्ह-१५४ ला टीकॅस वर चढायला सांगत होती आणि झुरिकचा नियंत्रक खाली यायला सांगत होता; वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. समोरच्या मालवाहू बोइंग ७५७ ने आपल्या टीकॅसचे ऐकून उतरण सुरू केली होती. दोन्ही विमाने खाली येत राहिली आणि ७१ माणसे दगावली. टीकॅसने दिलेली सूचना आणि नियंत्रकाचा आदेश यांत विरोध असेल तर टीकॅसचेच ऐकायचे, हा आज निर्विवाद असलेला नियम त्यानंतर आयसीएओने ठळक आणि निःसंदिग्ध केला. प्रश्नसंचात या नियमावर एका ओळीचा प्रश्न असतो. त्या ओळीमागे काय आहे हे ज्याने ऐकले, त्याचे उत्तर परीक्षेतही चुकणार नाही आणि कॉकपिटमध्येही नाही.

परवान्याच्या अटींचा भाग वर्गात झटपट उरकला जातो आणि ते योग्यच आहे. किमान १८ वर्षे वय, २०० तासांचे उड्डाण, त्यांत १०० तास विमानप्रमुख म्हणून, २० तास क्रॉस-कंट्री व त्यात ३०० सागरी मैलांची एक फेरी, १० तास इन्स्ट्रुमेंट (केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण), ५ तास रात्रीचे उड्डाण, हे आकडे प्रत्येक विद्यार्थी प्रवेश घेण्यापूर्वीच जाणून असतो. मद्यपानाच्या नियमावर मात्र बराच वेळ दिला गेला आणि त्याचा सर्वाधिक फायदा अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन परवाना भारतीय करून घेण्यासाठी आलेल्या विद्यार्थ्यांना झाला. अशा विद्यार्थ्यांनाही रेग्जचा पेपर द्यावाच लागतो. अमेरिकेत मद्यपान आणि उड्डाण यांत आठ तासांचे अंतर पुरते आणि रक्तातील अल्कोहोलची मर्यादा ०.०४ टक्के आहे. भारतात एअरक्राफ्ट रूल्सच्या चोविसाव्या नियमानुसार बारा तासांचे अंतर लागते आणि तपासणीत अल्कोहोलचा अंश आढळताच कामा नये. पहिल्यांदा दोषी आढळल्यास परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षे आणि तिसऱ्यांदा रद्द. अल्कोहोलयुक्त माऊथवॉश वापरण्यासही मनाई आहे, हे ऐकून वर्गातील अनेकांनी वहीत अधोरेखित केले.

ड्युटीच्या वेळेच्या मर्यादा, म्हणजे एफडीटीएल, हा विषय चालू घडामोडींमुळे आपोआप जिवंत झाला होता. साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी सलग ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, आणि रात्रीच्या वेळेत सहाऐवजी दोनच लँडिंग, असे बदल जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले आणि दिल्ली उच्च न्यायालयातील सुनावणीनंतर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि डीजीसीएने त्या कंपनीला काही तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट दिली, हे सर्वांनी वाचले आहे. वर्गात त्यावर राजकीय चर्चा होऊ दिली गेली नाही, आणि ते मला आवडले. सरांनी फक्त एवढे दाखवले की, मध्यरात्री ते सकाळी सहा या पट्टीत एक तास वाढला की वेळापत्रकातील पहाटेची किती तरी उड्डाणे रात्रीच्या गणनेत येतात, आणि दोन लँडिंगची मर्यादा लागली की त्याच उड्डाणांसाठी अधिक वैमानिक लागतात. कागदावर एक काल्पनिक रोस्टर आखून त्यांनी आमच्याकडून हे गणित करून घेतले. थकवा ही वैयक्तिक कमकुवतपणाची बाब मानणाऱ्या काही जणांचे मत त्या तासाने बदलले असावे.

अपघात-चौकशीवरील तेराव्या ॲनेक्सचेही शिकवणे नेमके होते. चौकशीचा उद्देश पुढचा अपघात टाळणे हा असतो, दोष वा जबाबदारी वाटणे हा नसतो, हे त्या ॲनेक्सचे पायाभूत तत्त्व आहे. प्राथमिक अहवालासाठी तीस दिवसांची मुदत असते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत कोसळलेल्या एअर इंडियाच्या विमानाचा एएआयबीचा, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेचा, प्राथमिक अहवाल १२ जुलैला का आला, हे या मुदतीवरून कळते. दूरचित्रवाणीवर त्या अहवालावरून वैमानिकांवर ज्या घाईने निवाडे केले गेले, ते पाहिलेल्या विद्यार्थ्यांना हे तत्त्व मनावर ठसवणे आवश्यक होते, आणि सरांनी ते संयमाने केले.

आता उणिवा. सर्वांत मोठी म्हणजे छापील नोट्स. शिकवताना सर नवा कायदा सांगतात, पण विद्यार्थ्याच्या हातात पडणाऱ्या पुस्तिकेच्या पहिल्याच प्रकरणात १९३४ चा कायदा अजून चालू असल्यासारखा छापलेला आहे, आणि एफडीटीएलचा तक्ताही सुधारणेपूर्वीचा आहे. तोंडी दुरुस्ती सांगितली जाते हे खरे. परंतु एखाद्या व्याख्यानाला गैरहजर राहिलेला विद्यार्थी जुने आकडेच पाठ करील. जो वर्ग नियमाचा मूळ स्रोत आणि त्याची तारीख तपासायला शिकवतो, त्याच्या स्वतःच्या पुस्तिकेवर आवृत्तीची तारीखच नसावी, हे मला खटकले. वर्गासोबत मिळणाऱ्या प्रश्नसंचातही काही उत्तरे अशीच शिळी आहेत.

दुसरी उणीव वेळेच्या वाटपाची आहे. चौदावा ॲनेक्स, म्हणजे विमानतळावरील खुणा, फलक आणि दिवे, तसेच अठरावा, म्हणजे धोकादायक मालाची वाहतूक, हे दोन्ही अखेरच्या दिवसांत दाटीवाटीने संपवले गेले. वास्तविक चौदाव्या ॲनेक्ससाठी उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. लोहगावच्या धावपट्टीला १० आणि २८ हे क्रमांक चुंबकीय दिशेवरून कसे मिळाले, मुंबईत एकमेकींना छेदणाऱ्या ०९/२७ आणि १४/३२ या धावपट्ट्यांमुळे नियंत्रकाला काय काळजी घ्यावी लागते, धावपट्टीकडे नेणाऱ्या मार्गाच्या, म्हणजे टॅक्सीवेच्या, कडेचे निळे आणि मध्यरेषेचे हिरवे दिवे वैमानिकाला कोठे नेतात, हे विजेऱ्यांच्या प्रयोगाइतक्याच आस्थेने शिकवता आले असते. बॅचमध्ये बारावी नुकतीच झालेले आणि परदेशातून दोनशे तास उडवून आलेले विद्यार्थी एकत्र बसवल्याने चर्चेची पातळी वरखाली होत राहते, हीही अडचण आहे. फी एकरकमी घेतली जाते. सुरुवातीची एक-दोन व्याख्याने पाहून निर्णय घेण्याची सवलत मागितल्यास मिळते, पण ती कोणी आपणहून सांगत नाही.

भाषेविषयी एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. परीक्षा इंग्रजीत असते आणि उत्तरांचे शब्दही इंग्रजीच वापरावे लागतात. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकून आलेल्या विद्यार्थ्याला नियमांची कायदेशीर इंग्रजी वाक्ये पहिल्या वाचनात उमगत नाहीत. सर असे वाक्य आधी इंग्रजीत वाचतात, मग त्याचा आशय मराठीत सांगतात आणि शेवटी विद्यार्थ्याकडून पुन्हा इंग्रजीत म्हणवून घेतात. शंका मराठीत विचारण्याची मुभा असते आणि त्यामुळे कोणाला हसले जात नाही. धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी प्रशिक्षण विमाने उडत असताना त्याच भागांतील मुले केवळ भाषेच्या भीतीने मागे राहू नयेत, यासाठी असे शिक्षक अधिक हवेत.

तीन आठवड्यांत पेपर काढून मोकळे व्हायचे आहे, अशांनी हा वर्ग घेऊ नये. त्यांना येथे वेळ वाया गेल्यासारखे वाटेल. ज्यांचे नेव्हिगेशन आणि मीटिऑरॉलॉजी अजून बाकी आहे, त्यांनी रेग्ज प्रथम येथे करावे, कारण उड्डाण-पातळ्या, दृश्यमानतेच्या मर्यादा आणि हवाई क्षेत्रांची विभागणी हे येथे शिकलेले भाग त्या दोन्ही विषयांत पुन्हा लागतात. प्रवेशापूर्वी पुस्तिकेची नवी आवृत्ती केव्हा येणार, हे कार्यालयात अवश्य विचारावे, आणि ती आली नसेल तर कायदा व एफडीटीएल ही दोन प्रकरणे डीजीसीएच्या संकेतस्थळावरूनच वाचावीत. वर्ग संपल्यानंतरही जुन्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून एकदा शंकानिरसनाचे सत्र चालते आणि त्यासाठी वेगळी फी नसते. प्रत्यक्ष उड्डाण सुरू झाल्यावर लॉगबुकातील नोंदी आणि तासांची गणना यांविषयी जे प्रश्न पडतात, ते तेथे विचारता येतात, आणि उत्तरासोबत संबंधित नियमाचा क्रमांकही हमखास मिळतो.